तीन कुलपांचं औदार्य

जिवंतपणी मावशीला गल्लीने बसायला कधी खुर्ची दिली नाही. ती गेल्यावर मात्र तिच्या नावाने बारा खुर्च्या आल्या, गादीच्या, आणि त्यांच्यावरही कोणी बसलं नाही. कारण गादीवरचं प्लास्टिक काढायचं की राहू द्यायचं, यावर मंडळाचं अजून एकमत व्हायचं होतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. मला आणि दादाला सख्खी, बाकी गल्लीला मानलेली, पण हाक सगळ्यांची एकच: किल्लीवाली मावशी. चाळीस वर्षं ती आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून किल्ल्या घडवत आली. मागे खोली होती, चांगली ऐसपैस, पण ती झोपायला आणि हत्यारं ठेवायला. काम उंबऱ्यावर. "लोखंडाला उजेड लागतो आणि मला येणारीजाणारी माणसं," असं म्हणायची. मांडीवर गोणपाट, डाव्या हातात किल्ली, उजव्या हातात कानस, आणि कानशीच्या लयीत तोंडात आपलंच काहीतरी जुळवलेलं:

कानस बाई घासते, लोखंडाचं पीठ सांडे,
ज्याचं त्याचं दार, ज्याच्या त्याच्या किल्लीशी भांडे.

तिच्याकडे नवी किल्ली करून घ्यायची तर एक अट असे. कुलपाच्या मालकाने उंबऱ्यासमोर उभं राहायचं आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणायचं: "कुलूप माझं, किल्ली मी हरवली." बस्स, एवढंच. पण तेवढं म्हणायच्या आधी भलेभले रस्ता रिकामा होतोय का ते बघायचे. "चोर खोटं बोलेल गं," मावशी मला सांगायची, "पण रस्त्यावर उभं राहून मोठ्याने बोलणार नाही. आणि साव असेल तर त्याला निदान कळेल की किल्लीला पाय फुटत नाहीत."

एकच माणूस हे वाक्य न म्हणता परत गेला होता. फीतकापे. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण गल्लीत नळ येवो, दिवा येवो, नाहीतर कचऱ्याची कुंडी येवो, फीत कापायला कात्री घेऊन तेच उभे, म्हणून फीतकापे. एकदा त्यांच्या कपाटाची किल्ली हरवली. ते आले, मावशीने अट सांगितली. ते म्हणाले, "मावशी, मी कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नाही का?" मावशी म्हणाली, "ठाऊक आहे. कुलूप कोणाचं ते विचारतेय." फीतकापे घरी गेले आणि त्यांनी सागवानी कपाट घणाने फोडून घेतलं. माणूस तत्त्वाचा पक्का.

मावशीला मूलबाळ नव्हतं, म्हणजे घरात नव्हतं. उंबऱ्यावर दुपारी चार ते सात या वेळात सात-आठ पोरं तरी असायचीच. शाळेतून सुटलेली, शाळेने सोडलेली, शाळा सोडलेली. त्यांना शिकवायला तिने पितळेची कुलपं केली होती, बारा नग, पाठीवर बारीक टिंबं ठोकून नंबर घातलेली. आतून साधी, बाहेरून घासूनपुसून अशी लखलखीत की दुकानातल्याने लाजावं. "शिकायची वस्तू देखणी पाहिजे," ती म्हणायची, "पोरांचा हात आपणहून जातो." पोरांनी कोरी, म्हणजे अजून दाते न पाडलेली, किल्ली पेटत्या काडीच्या धुरावर काळी करायची, कुलपात घालून हलकेच पिळायची, बाहेर काढून बघायची, काजळीवर जिथे ओरखडा उठला तिथे कानस मारायची. परत काळी करायची, परत घालायची. असं वीस वेळा, तीस वेळा. कोणी घाई केली की मावशीचं दुसरं गाणं सुरू:

कोरी किल्ली पोरवयाची, नको बाई घासाघाई,
दाता जास्त गेला त्याला पुन्हा येणं होत नाही.

बाराही कुलपं ज्याने उघडली त्याला एक कोरी किल्ली बक्षीस. गळ्यात घालायला. लहानपणी दादाची नवव्या कुलपावर गाडी अडली, मग त्याने गाद्यांचा धंदा काढला. माझी अकराव्यावर अडली, आणि मी दवाखान्यात केसपेपर लावते. शेवटच्या वर्षांत बारा पुरी केली ती एकट्या चिमटीने. चिमटी म्हणजे समोरच्या गिरणीवाल्याची चौदा वर्षांची मुलगी. बारीक, आणि बोलली की बरोबर जागेवर बसते, म्हणून चिमटी.

मावशी गेली त्याच्या आठवडाभर आधी तिने माझा हात धरला. "पोरं उंबऱ्यावरून उठू देऊ नकोस." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला हो म्हणण्याइतकं सोपं दुसरं काही नसतं.

तेराव्या दिवसाच्या आत वकिलांनी मृत्युपत्र वाचलं. आवाज कोरडा, जणू किराण्याची यादी. मावशीने सांगितलं तसंच त्यांनी लिहून घेतलं होतं: "माझी खोली, माझी हत्यारं आणि बँकेत जे असेल ते गल्लीतल्या पोरापोरींना हातचं काम शिकायला. बघायला तीन विश्वस्त. माझ्या मरणापासून वर्षाच्या आत, तिघा विश्वस्तांच्या डोळ्यांदेखत, माझ्या उंबऱ्यावर, पोरांच्या हातून एक तरी वस्तू नीट होऊन मालकाच्या हातात गेली पाहिजे. नाही गेली तर खोली माझ्या भाच्याची. त्याने तिथे काय वाटेल ते करावं, पण निदान काहीतरी करावं."

भाचा, म्हणजे दादा, रुमालाने डोळे पुसत होता. शेवटचं वाक्य ऐकून त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"आणि विश्वस्त?" मी विचारलं.

"त्या म्हणाल्या, प्रतिष्ठित माणसं घाला, म्हणजे कोणी शंका घेणार नाही," वकील म्हणाले. "मी तीन नावं सुचवली."

मावशीने आयुष्यात हजारो कुलपं पारखली, पण वकिलाची सूचना पारखायची राहून गेली. तीन नावं अशी: निवृत्त हेडमास्तर, औषधवाले काका, आणि अर्थातच फीतकापे.

मंडळ झटून कामाला लागलं. पहिल्या सभेत फीतकापे अध्यक्ष झाले, कारण खुर्ची त्यांच्याच घरची होती. दुसऱ्या सभेत मावशीचे आभार मानायचा ठराव आला. त्या हयात नसल्यामुळे तो कोणाला पाठवायचा, यावर तास गेला. तिसऱ्या सभेत हेडमास्तरांनी मूलभूत प्रश्न काढला: पोरंपोरी म्हणजे कोण?

"युवा म्हणजे पंधरा ते एकोणतीस," ते म्हणाले. "त्याखालचे बालक. बालकांच्या हाती कानस देणं शास्त्रात बसत नाही."

"मावशी दहा वर्षांच्यांनाही शिकवायच्या," मी म्हटलं. मला सभेला बसायची परवानगी होती, दाराजवळ.

"त्यांचं शास्त्र वेगळं होतं," हेडमास्तर क्षमाशीलपणे म्हणाले.

या व्याख्येला तीन महिने लागले. तेवढ्यात चिमटी पंधराची झाली. मंडळाच्या कामाचा एवढा एक फायदा मात्र रोकडा मिळाला.

मग अर्ज छापला. चौदा रकाने. नाव, वय, वडिलांचं काम, ओळख देणारी दोन माणसं, पूर्वी केलेली दुरुस्ती, आणि शेवटी "जीवनातील ध्येय". चिमटीने तिथे लिहिलं, "आत जाणे". अर्ज उद्धटपणासाठी परत आला.

मग पाटी आली. दाराच्या रुंदीपेक्षा एक वीत मोठी, त्यामुळे खिडकीवर लावावी लागली. वर अध्यक्षांचं नाव, खाली दोन विश्वस्तांची, त्याखाली रंगाऱ्याचं, आणि रंगाऱ्याच्या खाली, उरलेल्या जागेत, "यांच्या स्मरणार्थ" असं मावशी. मग त्या बारा खुर्च्या. मग एक टेबल, त्यावर काच, काचेवर पाणी पडू नये म्हणून कापड, कापडाला धूळ लागू नये म्हणून प्लास्टिक. एवढं सगळं आत गेल्यावर साहजिकच भीती आली, की कोणीतरी आत येईल.

"कुलूप पाहिजे," फीतकापे म्हणाले.

"किल्ली कोणाकडे?" औषधवाल्या काकांनी विचारलं. काका गरीब माणूस. सगळं औषधाच्या मात्रेत बोलतात. "म्हणजे मी आपलं विचारतो. एकाकडेच ठेवली तर जास्त होईल."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच, एका मिनिटात, एकमताने ठराव झाला: कुलपं तीन, प्रत्येकाची किल्ली एकाकडे. म्हणजे तिघे एकत्र आल्याशिवाय दार उघडायचं नाही. मग दाराला तीन कडी-कोयंडे बसवले.

कुलपं विकत आणायचीही गरज पडली नाही. हेडमास्तर काटकसरी. मावशीच्या फडताळात त्यांना नवीकोरी दिसणारी पितळेची कुलपं किल्ल्यांसकट सापडली. त्यांतली तीन त्यांनी निवडली, किल्ल्या वाटल्या, आणि उरलेली नऊ आतच ठेवून दार लावलं. मी संध्याकाळी दवाखान्यातून आले तेव्हा दारावर मावशीचं चौथं, सातवं आणि बारावं कुलूप दिमाखात लोंबत होतं.

चिमटी रस्त्यापलीकडे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींनी खाली बघितलं, कारण असं हसू रस्त्यावर सांडायचं नसतं.

"ताई," ती म्हणाली, "सातवं तर मी चार वर्षांपूर्वी..."

"गप्प बस."

"उघडू?"

मी एक क्षण मोहात पडले, खोटं कशाला बोलू. पण उत्तर तिनेच दिलं. "नको. मालकाने म्हटल्याशिवाय नाही." मावशीने तिला बारा कुलपं उघडायला शिकवलं होतं आणि एक न उघडायला. ते तेरावं.

त्यानंतर दार उघडलंच नाही. उद्घाटन पाहिजे, उद्घाटनाला पाहुणे पाहिजेत, पाहुण्यांना वेळ पाहिजे. पाहुणे मोकळे झाले तर फीतकापे अडकलेले. कधी त्यांची पाठ दुखे, कधी लग्नाला जायचं, कधी दिवसच नीट नाही. मी हेडमास्तरांकडे गेले; ते म्हणाले, माझी किल्ली तयार आहे, अध्यक्षांना विचारा. काकांकडे गेले, त्यांनी काउंटरखालचा खण उघडून मला किल्ली दाखवली, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीत ठेवलेली. "रोज एकदा बघतो," ते म्हणाले. मग मी फीतकाप्यांकडे गेले.

"ताई, संस्थेची कामं अशी घाईने होत नाहीत," ते म्हणाले.

"तुम्ही आणि दोघे येऊन नुसतं दार उघडा. पाहुणे नकोत. एक पोर बसेल, एखादी छत्री दुरुस्त करेल, वकील बघतील. अर्धा तास."

"छत्री?" त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्याकडे उसनी मागितली. "मावशींच्या स्मृतीचा हा अपमान आहे."

उंबऱ्यावर "विनापरवाना बसू नये" अशी आणखी एक पाटी लागली. पोरं उठली. काही दिवस समोरच्या कट्ट्यावर बसली, मग पांगली. आठांची पाच झाली, पाचांची तीन. चिमटीला खोकी भरण्याच्या कारखान्यात जागा लागणार होती, पहिल्या तारखेपासून. तिच्या वडिलांनी शब्द दिला होता. "इथे काही सुरू होणार असेल तर सांग हं," ती मला म्हणाली, आणि मी परत हो म्हटलं. या घराण्यात हो म्हणायची मक्तेदारी माझीच.

वर्ष भरायला आठ दिवस उरले तेव्हा दादा माप घ्यायची फीत घेऊन आला. बाहेरूनच भिंत मोजली.

"गोदामाला उत्तम," तो म्हणाला. "दोन थरांत साठ गाद्या."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण तिनेच लिहिलंय, निदान काहीतरी करावं. मी करतोय." मग फीत गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या मंडळाला सांग की, उघडा म्हणून. मी काय दार धरून बसलोय?"

खरं होतं ते. गिधाड म्हणावं तर त्याने मावशीच्या घरातून आजवर एकच वस्तू नेली होती, तिची झिजलेली बारीक कानस. वहिनी सांगायची, तो ती शर्टाच्या खिशात पेनासारखी लावतो आणि दुकानात नखं घासत बसतो.

शेवटी मंडळाला जाग आली. मावशीसाठी नाही, पाटीसाठी. खोली गेली तर एवढी मोठी पाटी लावायची कुठे? शेवटच्या दिवशी दुपारी चारला उद्घाटन ठरलं. वकील पाचला निघणार, कारण ते पाचला निघतातच, कोणी मरो वा जगो.

त्या दिवशी पावणेचारला सगळी गल्ली दारासमोर. फीत बांधली होती, लाल. पाहुण्यांचा निरोप आला की येता येत नाही, पण शुभेच्छा आहेत. वकील घड्याळ बघत उभे. दादा माप घ्यायची फीत घेऊन उभा. म्हणजे त्या दिवशी दोन फिती होत्या आणि दोघींना घाई होती.

"नीट केलेली वस्तू कुठे आहे?" वकिलांनी विचारलं.

"आत," फीतकापे म्हणाले. "पोरांनी दुरुस्त केलेला पंखा."

वकिलांनी पाटीच्या कडेने खिडकीतून डोकावलं. "पोरांनी पात्यांवरचं प्लास्टिकसुद्धा परत गुंडाळून ठेवलंय. आणि दुकानाची चिठ्ठी. फारच नीट काम." ते मागे सरले. "असो. दार उघडा, मग बघू."

हेडमास्तरांनी चौथं कुलूप उघडलं. काकांनी खोकल्याच्या गोळ्यांचा वास येणारी किल्ली काढून सातवं उघडलं. मग सगळे अध्यक्षांकडे बघू लागले.

अध्यक्षांनी सदऱ्याचे खिसे चाचपले. मग पँटचे. मग चष्म्याचं घर उघडून बघितलं. "घरी राहिली वाटतं," ते म्हणाले आणि घरी फोन लावला. कानाने ते जरा कमी, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर.

"अगं, ती पितळी कुलपाची किल्ली कोणाबरोबर तरी पाठव."

"अहो, कुठली किल्ली?" काकूंचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला, घरच्यासारखा. "ती तर तुम्ही दिवाणखान्यातून हरवलीत ना, मागेच! सात महिने झाले. मला म्हणालात कोणाला बोलू नकोस. मी बोलले का कुणाला?"

फीतकाप्यांनी फोन बंद केला. 

सात महिने. पाठ, लग्नं, वाईट दिवस, मावशींच्या स्मृतीचा अपमान. मला सगळं एकदम समजलं आणि मला राग यायला हवा होता. आला नाही. या गल्लीत किल्ली हरवली की माणूस ज्या एका उंबऱ्यावर जायचा, तो उंबरा त्यांनीच पाटी लावून बंद केला होता. बिचाऱ्यांनी जावं तरी कुठे?

"फोडा," हेडमास्तर म्हणाले.

"फोडा की," दादा म्हणाला. "पाचनंतर नवं मीच लावणार आहे."

"फोडू नका." चिमटी गर्दीतून पुढे आली. गळ्यात सुतळी, सुतळीला कोरी किल्ली. "मावशीच्या हातचं आहे. बारावं. मी किल्ली करते."

"तुझा अर्ज परत केला होता," हेडमास्तरांना आठवलं.

"हो. ध्येय तेच आहे अजून." तिने किल्ली गळ्यातून काढली. "पण आधी मालकाने म्हणायला हवं."

आता सगळ्या गल्लीला ते वाक्य पाठ. बायका ओठ मिटून उभ्या. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "अध्यक्ष, चार-बावीस झालेत हं."

"हे बघ बाळ," फीतकापे म्हणाले, "हे कुलूप संस्थेचं आहे."

"किल्ली संस्थेने हरवली?"

"म्हणजे तांत्रिकदृष्ट्या..."

"काका, मावशी तांत्रिकाला किल्ली करून देत नव्हत्या."

हशा उसळला आणि पडला. फीतकापे एकटेच मधे उभे राहिले. पाटीवर त्यांचं नाव केवढं, आणि खाली ते केवढे. त्यांनी पाटीकडे बघितलं, वकिलाच्या घड्याळाकडे बघितलं. कपाट फोडून घेणारा माणूस. पण हे दार फोडलं तर पाटी जाते, आणि नाही म्हटलं तर पाटी जाते. घण मारायला जागाच उरली नव्हती.

"कुलूप माझं," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं," मागून आवाज आला. बहुतेक औषधवाले काकाच होते.

"कुलूप माझं! किल्ली मी हरवली!"

आणि गंमत अशी की आभाळ कोसळलं नाही. कोणी हसलंही नाही. त्यांच्या तोंडावर असा भाव आला, सात महिने दाताखाली अडकलेलं काहीतरी निघाल्यासारखा.

चिमटी उंबऱ्यावर बसली. बसू नये ही पाटी तिच्या डोक्यामागे. बाकीची दोघं पोरंही येऊन टेकली. "काडेपेटी?"

कोणाकडे नव्हती. मग हेडमास्तरांनी घसा खाकरला आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक काढली. चाळीस वर्षं त्यांनी पोरांच्या खिशांतून काडेपेट्या जप्त केल्या होत्या. त्या कुठे जायच्या, ते आज गल्लीला कळलं.

"कानस?"

सगळ्या कानशी आत. दाराच्या पलीकडे, फडताळात, एकीला एक लागून. चिमटीने माझ्याकडे बघितलं. मी कोणाकडेच बघितलं नाही. एका खिशाकडे बघू नये म्हणून सगळ्या आकाशाकडे बघावं लागतं कधीकधी.

दादाने घड्याळ बघितलं. चार-अठ्ठावीस. त्याने नुसतं तसंच उभं राहायचं होतं, आणखी बत्तीस मिनिटं. साठ गाद्या, दोन थरांत. मग त्याने शर्टाच्या खिशातून ती झिजकी कानस काढली, अंगठ्याने एकदा पुसली आणि चिमटीसमोर धरली.

"तिरकी धर," तो चिडून म्हणाला. "सरळ धरलीस तर दाता उडतो. मला माहितेय."

"मलाही माहितेय," चिमटी म्हणाली.

"माहितेय तर घे ना!"

काडी पेटली. किल्ली काळी झाली. आत गेली, पिळली, बाहेर आली. तिघा पोरांची डोकी एकत्र. कर्र, कर्र. लोखंडाचं पीठ उंबऱ्यावर सांडायला लागलं, वर्षाने. फीतकापे वाकून बघत होते आणि काळजीने विचारत होते, "दुखत नाही ना गं बोट?" हेडमास्तर काड्या पुरवत होते. काका म्हणत होते, "थोडं थोडं, थोडं थोडं." कोणाच्या तोंडून आधी आलं आठवत नाही, पण कानशीच्या लयीत ते सुरू झालं, कोरी किल्ली पोरवयाची, नको बाई घासाघाई; आणि अर्धी गल्ली पुटपुटू लागली. दादाही. सूर त्याला कधीच नव्हता.

चार-एक्कावन्नला बारावं कुलूप उघडलं.

चिमटीने किल्ली फ्रॉकला पुसली आणि फीतकाप्यांच्या हातात ठेवली. "घ्या. ही हरवू नका."

फीतकापे कात्री शोधू लागले, फीत कापायला. तेवढ्यात वकील म्हणाले, "थांबा," आणि कागद उघडला. तोच किराण्याचा आवाज. "वर्षाच्या आत. हो. तिघा विश्वस्तांच्या डोळ्यांदेखत. हो. उंबऱ्यावर. हो. पोरांच्या हातून एक वस्तू नीट होऊन मालकाच्या हातात." त्यांनी फीतकाप्यांच्या मुठीकडे बघितलं. "मालक कोण, हे आत्ताच सगळ्यांनी ऐकलं. फारच स्पष्ट ऐकलं." त्यांनी कागदावर सही केली, चार-चोपन्न अशी वेळ घातली आणि दादाकडे वळले. "तुमची काही हरकत?"

"माझी कानस तेवढी परत द्या," दादा म्हणाला, आणि न घेताच निघून गेला.

पुढच्या आठवड्यात मंडळाची सभा भरली. त्यात असा ठराव झाला, की विश्वस्तांनी दूरदृष्टी दाखवून शिकाऊ कुलपं दाराला लावली, त्यामुळेच युवांना प्रत्यक्ष कामाची संधी मिळाली. सबब विश्वस्तांचं अभिनंदन. एकमताने. मी दाराजवळ बसून हा ठराव लिहून घेतला. बाकी काही असो, तिन्ही कुलपं फडताळात परत गेली आणि दाराला नुसती कडी राहिली. चिमटीच्या वडिलांनी खोक्यांच्या कारखान्याला दिलेला शब्द मागे घेतला. खुर्च्यांवर अजून प्लास्टिक आहे. पोरं उंबऱ्यावरच बसतात. पंधरा वर्षांची आणि दहा वर्षांचीही. "बसू नये" ची पाटी उलटी करून चिमटीने तिच्यावर कुलपं मांडली आहेत.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी दादा आला. उंबऱ्यासमोर उभा राहिला, हात मागे.

"काय रे दादा, परत माप?" मी विचारलं.

"नाही. कपाटाची किल्ली हरवली."

चिमटीने कानस खाली ठेवली. तीच, झिजकी. "मग म्हणा."

दादाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. रस्त्यावर चारचौघं होतेच. मग तो मोठ्याने, अगदी शाळेत कविता म्हणतात तसा ताठ उभा राहून म्हणाला, "कुलूप माझं. किल्ली मी हरवली."

"बसा," पोरं सरकून म्हणाली, आणि तो पोट सुटलेला गादीवाला त्यांच्यात मांडी घालून बसला. "कुठपर्यंत आला होतात तुम्ही?"

"नववं," तो म्हणाला.

त्याच्या घरच्या कपाटाला कुलूप नाही. कधीच नव्हतं. हे वहिनीला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि चिमटीने त्याच्या हातात नववं दिलं, त्यावरून तिलाही असावं.